बेल्ट ओरडतोय

शववाहिकेला जागा करून द्यायची म्हणून तिनं स्टिअरिंग पार टोकापर्यंत वळवलं आणि गाडी किंचाळली. हॉस्पिटलच्या मागच्या अंगणाला चारी बाजूंनी उंच भिंती होत्या, आवाजाला बाहेर पडायला वाट नव्हती. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहिला आणि खाली माना घालून उभी असलेली सगळी माणसं एकदम वर बघायला लागली. ज्याला न्यायचं होतं तो मेणवालीचा नवरा. मेणवाली म्हणजे तिच्या लॅबमधली शेजारच्या टेबलावरची बाई. कवळ्यांसाठी आधी मेणाच्या हिरड्या करायच्या आणि मग त्यात दात बसवायचे. हिरड्या ती करायची आणि ही दात बसवायची. सकाळपासून मेणवाली रडली नव्हती. लोक तिला रडवायचा प्रयत्न करून थकले होते. तिला इथं आणली होती हिनंच, याच गाडीतून. आणि आता गाडी किंचाळली तशी मेणवाली दचकली, गाडीकडे बघितलं आणि हसली. आधी नाकातल्या नाकात, मग तोंडावर हात ठेवून, मग हातही सुटला. पोट धरून, वाकून ती बाई नवऱ्याच्या प्रेतासमोर हसत राहिली. कुणीतरी तिला धरलं. बाकीचे मेणवालीकडे बघत नव्हते, गाडीत बसलेल्या हिच्याकडे बघत होते. काचेच्या आत ती स्टिअरिंग धरून बसली होती आणि गाडी अजून निम्मीच वळली होती. म्हणजे तिला अजून एकदा वळवावी लागणार होती.

परत येताना तिनं प्रत्येक वळण जपून घेतलं, चोरासारखं. सरळ रस्त्यावर गाडी शहाण्या मुलीसारखी चालायची. वळण आलं की कण्हायची आणि स्टिअरिंग टोकाला गेलं की गळा काढायची. हे गेली कित्येक वर्षं चाललं होतं. गाडी जुनी, तिच्या सासऱ्यांनी वापरून सोडलेली. नवरा चालवत नसे. तो सकाळच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, शाळा चालत जायच्या अंतरावर, दुपारी घरी. मुलगीही चारपर्यंत घरी. उशिरा येणारी ती एकटीच. इमारतीच्या फाटकातून आत आलं की लगेच डावीकडे काटकोनात वळायला लागायचं, आणि त्या वळणाला गाडी अशी ओरडायची की वरच्या मजल्यांवरची माणसं खिडकीशी येत. पहिल्यांदा ती ओशाळी होऊन वर गेली होती आणि नवऱ्याला म्हणाली होती, गाडी दाखवायला हवी. तेव्हा तो म्हणाला होता, ‘असू दे गं. तेवढंच कळतं, तू आलीस ते.’ हे वाक्य तिनं जपून ठेवलं होतं. तो काही गोड बोलणारा माणूस नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी वाक्यं बोटांवर मोजावी लागली असती. संध्याकाळी फाटकातून वळताना गाडी ओरडली की तिला वाटायचं, वर आता एक माणूस पुस्तकातून मान वर करत असेल. मग ती जिना चढायची. दार उघडायची. नवरा खरंच खुर्चीत पुस्तक घेऊन असायचा, मुलगी टेबलाशी अभ्यासाला. ‘आलीस?’ तो म्हणायचा. घर कसं शांत, नीटनेटकं, वाट बघत असल्यासारखं. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून, कापून, चकाकवून आलेल्या बाईला आणखी काय हवं असतं.

त्या दिवशी मात्र तिनं रडतच सगळं सांगितलं. मेणवाली कशी हसली, लोक कसे बघायला लागले, परत वळवताना गाडी परत कशी ओरडली. सांगताना तिचा आवाज चिरकत होता आणि तो चिरकतोय हे तिला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. नवरा ऐकत होता. मुलगी जमिनीकडे बघत होती, खालचा ओठ दातात धरून. पोर हळवी आहे, असं तिच्या मनात येऊन गेलं. डोळे पुसून ती म्हणाली, आता हा आवाज बंद करायचाच. त्यावर नवरा म्हणाला की जुन्या गाड्या ओरडणारच, चालतेय ना, मग कशाला हात लावायचा.

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, कसला तरी फवारा बेल्टवर मारला आणि झालं म्हणाला. गेल्याच वर्षी त्यानं बेल्ट नवा घातला होता, त्यामुळे बेल्टबद्दल तो ऐकूनच घेईना. फवाऱ्याचा गुण पहिल्या चौकापर्यंत टिकला. दुसऱ्या चौकात गाडी पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडली, जणू तोंड दाबल्याचा राग आला असावा. तेव्हा तिनं ठरवलं की आपणच बघायचं. तिचे हात काही कच्चे नव्हते. लॅबमधल्या छोट्या मोटारींचं बेअरिंग कधी जाणार हे ती आवाजावरून आठवडाभर आधी सांगायची, आणि लॅबचा मालक तिच्या शब्दावर नवं मागवायचा. तिनं व्हिडिओ बघितले, जेवण झाल्यावर, कानात इअरफोन घालून. नवऱ्यानं एकदा डोकावून बघितलं आणि हसून गेला.

शनिवारी लॅब अर्धा दिवस. दुपारी तिनं खाली गाडीचं बॉनेट उघडलं आणि मुलीला हाक मारून ड्रायव्हरच्या जागी बसवलं. एकटीनं होण्यासारखं काम नव्हतं. स्टिअरिंग वळवायला कुणीतरी हवं होतं. इंजिन सुरू केलं. आवाज नाही. ‘वळव,’ ती म्हणाली. मुलीनं चाक वळवलं, अर्ध्यावर कण्हणं, टोकाला किंकाळी. ‘सोड.’ गप्प. ‘परत.’ परत किंकाळी. म्हणजे गाडीवर भार आला की ओरडते, एरवी नाही. स्टिअरिंगचा पंप याच बेल्टवर फिरतो, चाक टोकाला गेलं की पंप जड होतो, आणि तो जडपणा ओढायची बेल्टची ताकद नाही. हे असं पायरी पायरीनं समजत जाणं तिला आवडत होतं. लोकांच्या जबड्यात काय दुखतंय ते ती न बघितलेल्या माणसाच्या प्लॅस्टरच्या साच्यावरून ओळखायची, तसंच हे. मग पाण्याची बाटली. झाकणाला भोक पाडून तिनं फिरत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर बारीक धार सोडली. पाण्यानं आवाज दबला असता तर पुल्या एका रेषेत नाहीत असं समजायचं. वाढला तर बेल्ट घसरतोय. ‘वळव.’ आवाज असा वाढला की मुलीनं स्टिअरिंग सोडून कान झाकले. तिला मात्र आनंद झाला. घसरतोय. पण बेल्ट तर नवा. नवा बेल्ट घसरतो का? इंजिन बंद करून तिनं किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली, कारण हात आत असताना गाडी सुरू झाली तर बोटं जातात आणि तिची बोटं हीच तिची भाकरी. बेल्ट ताणून धरणारी एक पुली असते, दांड्यावर बसवलेली, दांड्यामागे स्प्रिंग. टेन्शनर म्हणतात. तिनं लांब पान्यानं तो दांडा ढकलला. घट्ट विरोध करायला हवा होता त्यानं, पण तो गेला, आला, परत गेला, हलत्या दातासारखा. बेल्ट उतरवून तिनं एकेक पुली हातानं फिरवली. बाकीच्या गुपचूप फिरल्या. टेन्शनरच्या पुलीतून मात्र वाळू चाळल्यासारखं खरखरलं. आणि बेल्टची आतली बाजू काचेसारखी चकाकत होती, भाजून गुळगुळीत झालेली. दोष बेल्टचा नव्हताच. त्याला धरून ठेवणारा ढिला होता, म्हणून तो बिचारा घसरत होता, भाजत होता, ओरडत होता. आणि लोक त्यालाच बदलत होते.

‘खरंच बंद होईल का गं आवाज?’ मुलीनं विचारलं. ती गाडीतून उतरून बाजूला उभी होती, हात मागे बांधून.

‘पूर्ण बंद,’ ती म्हणाली. ‘कळणारसुद्धा नाही गाडी आली की गेली.’

मुलीनं वर खिडकीकडे बघितलं. खिडकीत नवरा उभा होता. त्यानं भुवया उंचावल्या, मुलीनं खांदे उडवले. किती छान जमतं या दोघांचं, असं तिला वाटलं, आणि ती काळे झालेले हात फडक्याला पुसत राहिली.

संध्याकाळी ती सुट्या भागांच्या दुकानातून टेन्शनर आणि बेल्ट घेऊन आली आणि रविवारी सकाळी बसवायला घेतला. जुन्या बेल्टचा मार्ग तिनं फोनमध्ये फोटो काढून ठेवला होता, कोणत्या पुलीच्या वरून, कोणत्या खालून. तीनदा चुकला. चौथ्यांदा सगळीकडून गेला पण शेवटच्या पुलीवर चढेना, वीतभर कमी पडला, तेव्हा तिनं त्याला इंजिनसमोर उभं राहून अशा शिव्या दिल्या की वरच्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून आत गेली. मग लक्षात आलं की मधल्या पुलीच्या चुकीच्या बाजूनं घेतलाय. नवा टेन्शनर ढकलताना खांदा भरून आला, स्प्रिंग अशी ताठ. पान्यावर सगळं वजन टाकून तिनं दांडा दाबून धरला, दुसऱ्या हातानं बेल्ट सरकवला आणि हळूहळू पाना सोडला. दांडा मागे आला आणि बेल्ट ताठ झाला. सगळ्या खाचा बसल्या का ते तिनं बोट फिरवून प्रत्येक पुलीवर बघितलं, हिरड्यांवरून बोट फिरवावं तसं. मुलगी गाडीत बसली. ‘वळव.’ मुलीनं वळवलं. ‘टोकापर्यंत.’ टोकापर्यंत गेलं. काही नाही. फक्त इंजिनाची घरघर आणि लांब कुठेतरी कुणाचा तरी रेडिओ. ती तिथंच उभी राहून हसली. वर गेल्यावर नवरा म्हणाला, ‘आता तू आलेली कळणार नाही,’ आणि तो हे थोडं खिन्नपणे म्हणाला असं तिला वाटलं. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, बेल वाजवत जाईन.

पण बेल तिनं वाजवली नाही. सोमवारी फाटकातून वळताना गाडी पाण्यासारखी वळली आणि तिला लहान मुलासारखी गंमत वाटली, की आज अचानक दारात उभं राहायचं. जिना चढली. किल्लीनं दार उघडलं, हळूच. दाराच्या आतल्या अरुंद बोळात दिवा नव्हता. स्वयंपाकघरातून तिचा स्वतःचा आवाज येत होता.

‘आधी हात धू. नाही, तसे नाही. मनगटापर्यंत.’ मग एक लांब सुस्कारा. ‘मी बोलले का काही? मी काहीच बोलले नाही. मला काय, मी आपली सांगते. ऐकायचं तर ऐका.’

आवाज मुलीचा होता, पण तिचा होता. सुस्काऱ्याच्या शेवटी ती स्वतः नकळत जो बारीकसा ‘हं’ काढते, तोसुद्धा होता. आणि त्याच्यामागून नवरा हसत होता. हे हसणं ती ओळखत होती, म्हणजे एके काळी ओळखत होती. लग्नाच्या आधी, एका बागेतल्या बाकावर तिनं त्याला लॅबच्या मालकाची नक्कल करून दाखवली होती. मालकाचं तोंडात खिळे धरल्यासारखं बोलणं. तेव्हा तो असा हसला होता, घशातून, मध्येच श्वास अडकवत, डोळ्यांतून पाणी काढत. पुढे ती नकला करायची बंद झाली. केव्हा ते तिला आठवेना. दात बसवणं तिचं काम, दात काढणं दुसऱ्या कुणाचं, असं मालक गमतीनं म्हणायचा. तसंच काहीसं घरातही होऊन गेलं असावं. ‘ते हॉस्पिटलचं कर,’ नवरा आत म्हणाला, श्वास घेत. ‘नको, खूप वाईट आहे ते.’ ‘कर गं.’ मग मुलीनं गाडीची किंकाळी काढली, हुबेहूब, आणि त्या किंकाळीतूनच, कुठंही सांधा न दिसता, आईचं रडणं सुरू झालं. चिरकतं, नाक ओढत, ‘आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले हो.’ नवरा टेबलावर थाप मारून हसला. बोळात ती चपलांच्या कपाटाला टेकून उभी होती. तिला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. तिला वाटलं, ‘हो’ नव्हते म्हणाले मी. बाकी बरोबर आहे.

‘बास आता,’ नवरा म्हणाला, ‘येईल ती.’

‘अजून गाडीचा आवाज नाही आला,’ मुलगी सवयीनं म्हणाली. आणि मग हलक्या आवाजात, ‘बाबा, तो आवाज आला ना की पोटात गोळाच यायचा माझ्या.’

‘माझ्यासुद्धा,’ नवरा म्हणाला.

ती मागे सरली. दार लावलं, तेही हळूच. एक मजला खाली उतरली, तिथं थोडं थांबली आणि मग पाय आपटत वर आली, किल्ल्या खाली पाडल्या, उचलल्या, बेल वाजवली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज. दार उघडलं तेव्हा नवऱ्याच्या हातात पुस्तक होतं, मुलगी टेबलाशी वहीवर वाकलेली. घर शांत, नीटनेटकं. ‘आलीस?’ तो म्हणाला. ती खुर्ची, तो दिवा, ते वाकलेलं डोकं तिनं इतकी वर्षं रोज संध्याकाळी बघितलं होतं. आता ते लॅबमधल्या कवळीसारखं दिसलं, एकेक दात मापात, चकाकतं, आणि तोंडाचा पत्ता नाही. फाटकापासून दारापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात रोज हे मांडलं जात होतं. गाडी त्यांना सांगत होती आणि ते मांडत होते. तिनं हात धुतले. मनगटापर्यंत धुताना ती थांबली, नळाखाली हात तसेच धरून, मग पुन्हा धुवायला लागली, कारण हात तर धुवायलाच हवे होते.

एखादी असती तर तिनं त्याच रात्री भांडण काढलं असतं. तिनं नाही काढलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दात बसवताना तिच्या मनात एकच गोष्ट होती, की आज संध्याकाळी काय करतील. आणि संध्याकाळी ती पुन्हा चपला हातात घेऊन बोळात उभी राहिली. मग रोज. दुखऱ्या दातावर जीभ जात राहते तशी ती जात राहिली. नवरा स्वतः कधी नक्कल करत नसे. तो फर्माईश करायचा. ‘ते चपलांच्या दुकानातलं.’ मग मुलगी आई व्हायची, विक्रेत्याला वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत सगळे जोड काढायला लावायची, प्रत्येक पायात घालून बघायची आणि शेवटी म्हणायची, ‘नको, आहेत आमच्याकडे.’ मग समोरच्या माणसाच्या बोलण्याकडे लक्ष न देता त्याचे दात बघत राहायची. हे आपण करतो? करतो. एकदा नवऱ्यानं विचारलं की आई अशी का झाली असेल, आणि मुलगी म्हणाली, मला काय माहीत, मी आले तेव्हापासून अशीच आहे. दोघं हसले. बोळात उभी असताना तिला कधी कधी हसू यायचं. ते तिला सगळ्यात वाईट वाटायचं. नक्कल चांगली होती, आणि ती रोज आणखी चांगली होत होती.

त्या आठवड्याच्या शेवटाला तिला आणखी एक गोष्ट ऐकू आली, आणि ती ऐकायला एवढा वेळ का लागला याचं तिला नवल वाटलं. आई झालेली असताना मुलीचे शब्द स्वच्छ असायचे. पण मध्येच ती स्वतःच्या आवाजात यायची, हसत, बाबाशी बोलत, तेव्हा तिचा ‘र’ घसरायचा. ‘बाबा, आता कोणतं कलू?’ ती म्हणायची. नवऱ्याला त्याचं काहीच नव्हतं. तो कानसुद्धा टवकारत नव्हता. त्या ‘र’साठी हिनं किती जीव आटवला होता. शाळेत मुलं चिडवायची म्हणून पोर पलंगाखाली जाऊन बसायची, बाहेर यायची नाही. मग हिनं लॅबमधून प्लॅस्टरचा जबडा आणला, मेणाची जीभ केली आणि आरशासमोर पोरीला मांडीवर घेऊन रोज दाखवायची, जीभ इथं टेकवायची, या हिरडीच्या मागे, आणि थरथरू द्यायची. रोज, जेवणाआधी. पोर रडायची, ही सोडायची नाही. एका संध्याकाळी पोर ‘दोरी’ म्हणाली, स्वच्छ, आणि दोघी आरशात एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यानंतर घरात ‘र’ कधी घसरला नाही. निदान तिच्यासमोर तरी नाही. आता बोळात उभी राहून तिला समजलं की तो गेला नव्हता. ती समोर असताना पोर प्रत्येक शब्दाआधी जीभ सावरत होती, आणि ती नसली की सोडून देत होती, घरी आल्यावर माणूस कमरेचा पट्टा सैल करतं तसं.

त्या रात्री तिघं जेवायला बसली. नवरा शाळेतलं काहीतरी सांगत होता, नीरस, सगळ्यांना ऐकवायचं असतं तसं. मुलगी पाठ ताठ करून जेवत होती. तिनं आईकडे मीठ मागितलं. ‘आई, जरा मीठ दे.’ ‘जरा’तला ‘र’ नेटका, इस्त्री केलेला. हिनं मीठ उचललं, पण दिलं नाही. ते हातात धरून ती नवऱ्याकडे वळली. तिनं मान किंचित तिरकी केली, मुलगी करते तशी, केस कानामागे सारले आणि म्हणाली,

‘बाबा, आता कोणतं कलू? दुकानातलं कलू, की हॉस्पिटलात लडतानाचं कलू?’

इतक्या वर्षांनंतर नक्कल करत होती, पण हात बसलेला होता. शब्दाच्या शेवटी आवाज वर नेणं, हसू दाबताना नाक आक्रसणं, सगळं जागच्या जागी. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला, त्याला सगळं समजलं हे तिला दिसलं. आणि मग त्याच्या घशातून काहीतरी निसटलं. तो दाबायला गेला, ठसका लागला, पाणी प्यायला गेला, ते नाकातून आलं. तो हसत होता. भीतीनं असेल, सुटल्यासारखं वाटून असेल, पण हसत होता, तेच, श्वास अडकवत. तिच्या सगळ्या अंगातून ऊब फिरली. ती थांबली नाही. ‘बाबा, अजून गाडीचा आवाज नाही आला. बाबा, घली कुणी आलं तल?’ तो टेबलावर कपाळ टेकून हसायला लागला, हातानं ‘पुरे, पुरे’ करत. मुलगी आईकडे बघतच नव्हती. ती बाबाकडे बघत होती. त्याच्या हलणाऱ्या खांद्यांकडे, बराच वेळ, एखादा अनोळखी माणूस आपल्या घरात कसा आला असं वाटावं तशी. मग ती उठली. ताट उचललं, धुतलं, पुसून जागेवर ठेवलं. हातही धुतले. तिच्या खोलीचं दार लागलं, आपटलं नाही. नवरा डोळे पुसत म्हणाला, ‘तूसुद्धा ना,’ आणि त्यानं तिच्या मनगटाला हात लावला. असा हात त्यानं कधी लावला होता ते तिला आठवेना. तिला उठून मुलीच्या दाराशी जायला हवं होतं हे तिला माहीत होतं. ती बसून राहिली. हात काढून घ्यावासा वाटला नाही.

सकाळी नवरा शाळेला निघून गेल्यावर मुलगी स्वयंपाकघरात आली. आंघोळ झालेली, केस ओढून बांधलेले, दप्तर पाठीला. डोळे सुजलेले नव्हते. तिनं पाणी प्यायलं. ही डबा भरत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मुलगीच आधी बोलली, अगदी सरळ आवाजात.

‘डबा नको. तिकडे खाईन काही.’

‘गाडीनं सोडते,’ ती म्हणाली.

‘नको. बसनं जाते.’

‘किती वाजता येशील?’

मुलगी किंचित थांबली. ‘संध्याकाळी वेळ लागेल मला,’ ती म्हणाली.

एरवी ती ‘उशीर होईल’ म्हणाली असती. कानाला काहीतरी खटकलं, बेअरिंगमध्ये एकच मणी कमी असावा तसं. तिनं मनातल्या मनात मुलीची सगळी वाक्यं परत लावून बघितली, एकेक अक्षर. एकाही शब्दात ‘र’ नव्हता. रात्रभर जागून पोरीनं भाषेतून तो उपटून काढला होता. घर नाही, उशीर नाही, मैत्रीण नाही, बरं नाही. केवढं अवघड काम; किती शब्द सोडावे लागले असतील, किती वाटा बंद कराव्या लागल्या असतील. आरशासमोरच्या त्या सगळ्या संध्याकाळींवर पोरीनं शांतपणे पाणी सोडलं होतं. आता यापुढे आई चिडवू शकणार नव्हती आणि शिकवूही शकणार नव्हती. आपण तिला जवळ घ्यावं, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. तिचे हात हललेसुद्धा. मुलगी दाराकडे वळली होती, चपला घालत होती, अजून थोड्या वेळानं ती जिन्यावर असती.

‘आज वार कोणता गं?’ तिनं विचारलं.

मुलगी वाकलेली होती, ती तशीच राहिली. आठवड्यातला एकही दिवस त्या ‘र’मधून सुटत नाही. ती हळूहळू सरळ झाली आणि तिनं आईकडे बघितलं. तिचं तोंड थोडं उघडलं, जीभ टाळूकडे गेलेली दिसली, हिरडीच्या मागे, बरोबर जागी, आणि तिथंच थांबली. आई डब्याचं झाकण हातात धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली.